स्ट्रेस मोजणारं स्मार्टवॉच: रात्री कामाचं, दिवसा डोक्याला ताप

आधी स्टार देऊन टाकते, मग बोलू. पाचापैकी साडेतीन. त्यातले तीन रात्रीच्या रीडिंगचे आणि अर्धा त्या श्वासाच्या व्यायामाचा. दिवसभर मनगटावर जो स्ट्रेसचा आकडा वरखाली होत असतो त्याला माझ्याकडून भोपळा.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये. माझं एका कंपनीचं, नवऱ्याचं दुसऱ्या, ऑफिसात तर ज्याचं त्याचं वेगळं, आणि सगळ्यांची ॲपं चाळून बघितल्यावर माझं मत असं झालंय की रंग आणि मांडणी सोडली तर कारभार सगळीकडे साधारण सारखाच आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू एका मॉडेलचा कमी आणि या फीचरचा जास्त समजा.

मोजतं कसं ते आधी सांगते, कारण ते कळलं की निम्म्या तक्रारींची उत्तरं तिथेच मिळतात. घड्याळ काढून उलटं केलं की मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे ठोका पडून मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा वाढतो, त्यावरून ठोके मोजायचे. पण स्ट्रेससाठी नुसते ठोके पुरत नाहीत, दोन ठोक्यांमधलं अंतर बघावं लागतं. आपल्याला वाटतं मिनिटाला 60 ठोके म्हणजे बरोब्बर सेकंदाला एक, पण तसं नसतं, एकदा 0.95 सेकंद, एकदा 1.06, असं सारखं मागेपुढे चालू असतं आणि हे मागेपुढे होणं उलट चांगलं असतं. श्वास घेताना ठोके जरा भरभर, सोडताना जरा सावकाश. हे ब्रेक लावायचं काम मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस नर्व्ह करते. शरीर निवांत असलं की ब्रेक व्यवस्थित लागतो आणि अंतरात फरक दिसतो, अंगात लढा-नाहीतर-पळा चालू झालं की ठोके एकसुरी पडायला लागतात. या फरकालाच एचआरव्ही, म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणतात. बहुतेक कंपन्या यावरूनच 0 ते 100 असा काहीतरी आकडा काढतात, नक्की कसा काढतात ते कोणी उघड करत नाही, आणि वर निळा-केशरी-लाल रंग फासतात.

काही महागड्या मॉडेलमध्ये त्वचेवरचा घाम मोजणारा वेगळा सेन्सर पण असतो. आणि हो, कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, हे घड्याळ मोजत नाही, जाहिरातीत काहीही सूचित करू देत. कॉर्टिसॉल रक्तातून, लाळेतून, लघवीतून तपासतात आणि ते तसंही उठल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात वर चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं, अगदी आनंदी माणसाचं सुद्धा.

आता भोपळा का ते.

प्रेझेंटेशन चालू होतं, छान चाललं होतं, मी पण रंगात आले होते, लोक हसत होते, आणि मधेच मनगटावर गुर्रर्र, तुमचा स्ट्रेस वाढलेला दिसतोय, थोडं थांबून श्वास घ्या. अगं बाई मी बोलतेय इथे! समोरच्याला वाटलं मी वेळ बघतेय, त्याने लगेच आपली वही मिटली. आणि त्याच्या उलट किस्सा म्हणजे एका रात्री घरच्यांशी फोनवर जुनाच वाद उकरून झाला होता, फोन ठेवला आणि मी सोफ्यावर दगडासारखी बसून राहिले, दात आवळलेले, फोनवर काहीतरी सरकवत होते पण काय बघतेय ते कळत नव्हतं. घड्याळ निळं! आराम! म्हणजे शाबास, छान रिलॅक्स करताय.

याचा अर्थ सेन्सर बिघडलाय असं नाही बरं का. गाडीचा आरपीएमचा काटा इंजिन किती फिरतंय ते सांगतो, तुम्ही लग्नाला निघालाय की हॉस्पिटलात ते त्याला कुठून कळणार. रंगात येऊन बोलणं, जोरात हसणं, मॅचचा शेवटचा क्षण, नुकताच चढलेला जिना, पोटभर जेवण, ताप, सगळ्यात काटा वरच जातो. 1936 साली हान्स सेली नावाच्या संशोधकाने ‘नेचर’मध्ये एक छोटं पत्र छापलं होतं, उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा, औषधाचा जबर डोस द्या, कारण काहीही असलं तरी शरीराची प्रतिक्रिया बऱ्यापैकी एकाच छापाची येते. स्ट्रेसचा आजचा सगळा अभ्यास तिथून वाढला. पण पुढे त्याच सेलीने चांगला ताण आणि त्रासाचा ताण असा फरक केला, तो या घड्याळांपर्यंत पोचलाच नाही, ती अजून 1936 मध्येच बसलीयेत.

दुसरा मोठा घोळ म्हणजे हालचाल. हात हलत असला की सेन्सरला नीट दिसत नाही म्हणून बरीचशी घड्याळं त्या वेळात स्ट्रेस मोजायचंच सोडून देतात, ग्राफमध्ये नुसती राखाडी पट्टी. आता ज्यांचा दिवस उभ्याने आणि धावपळीत जातो, नर्स म्हणा, शिक्षक म्हणा, दुकानात काउंटरवर उभी राहणारी माणसं म्हणा, लहान मुलांच्या मागे पळणारे आईबाप म्हणा, त्यांचे सगळ्यात कठीण तास त्या राखाडी पट्टीत जातात आणि संध्याकाळी ॲप सांगतं आजचा दिवस संतुलित होता. माझी नणंद नर्स आहे, तिने हे बघून घड्याळ मुलाला देऊन टाकलं.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाहीये. 2025 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, जवळजवळ 800 विद्यार्थ्यांना तीन महिने असंच मनगटावरचं यंत्र घालायला दिलं आणि दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता किती ताण वाटतोय. यंत्राचा स्ट्रेस आणि माणसाने सांगितलेला स्ट्रेस यांचा मेळ जवळजवळ बसलाच नाही. झोप किती झाली याचा अंदाज मात्र बराच बरा निघाला. हे वाचलं तेव्हा मला एकदम हायसं वाटलं, कारण माझा अनुभव पण नेमका तोच, दिवसा फुकट आणि रात्री सोनं.

तर मग रात्रीचं.

झोपेत तुम्ही हलत नाही, बोलत नाही, जिना चढत नाही, सलग सहा-सात तास हात एका जागी, त्यामुळे रीडिंग स्वच्छ येतं. एका रात्रीच्या आकड्याला काही अर्थ नाही, पण दोन-तीन आठवड्यांत तुमची स्वतःची सरासरी तयार होते आणि मग त्यापासून किती सरकलं एवढंच बघायचं. दुसऱ्याशी तुलना अजिबात नको, एचआरव्ही वयाप्रमाणे कमी होत जातो आणि माणसामाणसात प्रचंड फरक असतो, माझ्या भावाचा एचआरव्ही माझ्या दुप्पट आहे आणि तरी तो माझ्या दुप्पट चिडका आहे.

या रात्रीच्या ग्राफने मला ज्या गोष्टी दाखवल्या त्यासाठी पैसे वसूल असं म्हणेन. दारूचे दोन पेग पोटात असले की झोप लागते लगेच पण हार्ट रेट अर्धी रात्र खाली उतरतच नाही, पार्टीवरून आल्यावर मला वाटायचं काय मस्त झोप लागली, ग्राफ म्हणतो कसली झोप. उशिरा आणि जड जेवलं की तेच. संध्याकाळच्या कॅफीनचं गणित पण इथेच डोळ्यांनी दिसलं, मोठ्या माणसात कॅफीन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त, म्हणजे पाच वाजता घेतलेलं रात्री दहाला निम्मं अंगात आहेच, तुम्ही म्हणा मला काही होत नाही. आजारी पडायच्या आदल्या रात्री आकडा बिघडलेला दिसला, घसा दुखायला सकाळी सुरुवात झाली. आणि सगळ्यात भारी म्हणजे रविवारची रात्र. शनिवारची चांगली, रविवारची खराब, दर आठवड्याला, काही खाल्लं-प्यायलं नसताना. मी तोपर्यंत सगळ्यांना सांगायचे की मला सोमवारचं काही टेन्शन नसतं. रविवारी संध्याकाळी जरा उद्याचं काय आहे ते बघून घेऊ म्हणून मेल उघडायचे ते बंद केलं, रविवारची रात्र थोडी सुधारली. सोमवार काही सुधारला नाही, तो आहे तसाच आहे.

इथे एक गोष्ट घड्याळाच्या बाजूने पण बोलायला हवी. सुखाच्या काळात आकडा खराब दिसला की आपण म्हणतो यंत्र खोटं बोलतंय, पण शरीर चांगल्या गोष्टींचं पण बिल लावतं. होम्स आणि राहे या दोघांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांची एक यादी केली होती, कुठल्या घटनेनंतर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं त्याचे गुण, जोडीदाराचा मृत्यू 100, आणि त्याच यादीत लग्न 50 आणि चक्क सुट्टी 13. म्हणजे घर बदललं, प्रमोशन मिळालं, बाळ झालं, आणि आकडे लाल झाले तर घाबरायचं कारण नाही पण त्या आठवड्यात अजून चार कामं अंगावर घ्यायची पण गरज नाही.

आता जे कुठलंच घड्याळ सांगत नाही ते. ताण माझ्याकडे येतो तो आधी जबड्यात येतो, वरचे-खालचे दात विनाकारण एकमेकांना लागलेले असतात. मग खांदे कानाकडे सरकतात. एक साधा मेल तिसऱ्यांदा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. शेजारच्याने पेन टकटक केलं की त्याचा खून करावासा वाटतो, पोरगं काही सांगायला आलं की त्याचं वाक्य मीच पूर्ण करून टाकते. लांबलचक मेल वाचताना श्वास धरून ठेवलेला असतो, हे तर मला नवऱ्याने सांगितलं. कोणाचं पोट बिघडतं, कोणाचं डोकं ठणकतं, कोणी गप्प होतं, कोणी फ्रिज उघडून उभं राहतं. आपली दोन-तीन खास लक्षणं कोणती ते घरातल्या माणसाला विचारा, त्याला तुमच्या आधी माहीत असतं, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. मी आता घड्याळ गुरगुरलं की आकडा बघतच नाही, फक्त दात सुटे आहेत का ते बघते. एवढाच दिवसाचा उपयोग.

श्वासाचा व्यायाम. हे फीचर बहुतेक सगळ्यात आहे, स्क्रीनवर गोल फुगतो तेव्हा श्वास घ्या, आक्रसतो तेव्हा सोडा, बरोबर मनगटावर हलकं कंपन, त्यामुळे डोळे मिटूनही करता येतो आणि हे खरंच चांगलं केलंय. मिनिटाला साधारण 6 श्वासांच्या आसपास आलं की त्या व्हेगस ब्रेकचं काम सगळ्यात ठळक दिसतं, म्हणजे 5 सेकंद आत, 5 सेकंद बाहेर. सेटिंग बदलता येत असेल तर सोडायचा वेळ थोडा वाढवा, 4 आत आणि 6 बाहेर मला जास्त जमतं. स्टॅनफर्डच्या लोकांनी 2023 मध्ये एक अभ्यास छापला होता, रोज 5 मिनिटं, महिनाभर, वेगवेगळे गट. त्यात नाकाने श्वास, त्याच्यावर लगेच अजून एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांब सोडायचा, या उसासा प्रकारवाल्यांचा मूड ध्यान करणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला. ध्यानवाल्यांना पण फायदा झालाच, कोणी हिरमुसू नका. हा प्रकार माझ्या घड्याळात नाहीये, पण त्याला घड्याळ लागतं कशाला. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही.

अर्धाच स्टार का? कारण व्यायाम संपल्यावर ते मार्क देतं. मी डोळे उघडते आणि समोर किती टक्के शांत झालात. म्हणजे जे गेलं होतं ते परत आलं.

श्वासाने ज्यांना उलट घुसमटल्यासारखं होतं त्यांच्यासाठी स्नायूंचा व्यायाम बरा पडतो. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी तो बसवला, पावलांपासून सुरुवात करून एकेक भाग 5-10 सेकंद घट्ट आवळायचा आणि एकदम सोडायचा, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा. सोडल्यावरचा जो फरक कळतो तोच शिकायचा असतो, म्हणजे पुढच्या वेळी खांदा आवळलेला असताना लक्षात येतं. काही ॲपमध्ये याचा ऑडिओ असतो, माझ्यात होता पण निवेदकाचा आवाज असा की मला हसू आलं, ते पण एका अर्थी चालतंच.

पण मला खरा राग कशाचा येतो सांगू का, घड्याळाचा सल्ला कायम एकच, श्वास घ्या. आठवडाभर आकडा लाल आहे, श्वास घ्या. रोज रात्री बारापर्यंत जागताय, श्वास घ्या. एकदा तरी म्हणावं की बाई हे दोन माणसांचं काम आहे, साहेबाशी बोल. किंवा एकदा चालून ये, किंवा त्या मैत्रिणीला फोन कर जिच्याशी बोलल्यावर तुझा ग्राफ खाली येतो. डेटा सगळा त्यांच्याकडे आहे, कॅलेंडर पण आहे, चालायला निघाल्यावर मात्र ॲप पावलं मोजून टाळ्या वाजवतं, त्याचा रात्रीच्या आकड्याशी संबंध जोडून दाखवत नाही. ते आपणच जोडायचं. मी ॲपच्या नोट्समध्ये दोन शब्द टाकते, उशिरा जेवण, भांडण, पोहायला गेले, एवढंच, आणि महिन्याने बघते. खरं काम त्या दोन शब्दांनीच केलंय.

फुकटात हवं असेल तर पर्याय पण आहे. 1983 मध्ये शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली, तिची 10 प्रश्नांची आवृत्ती आजही जगभर संशोधनात वापरतात, गेल्या महिन्यात किती वेळा असं वाटलं की महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर चालल्यात, किती वेळा वाटलं की सगळं आपल्या मनासारखं चाललंय, अशा धर्तीची. प्रत्येकाला 0 ते 4, बेरीज 40 पर्यंत. यात निदान बिदान काही नाही, पण महिन्यातून एकदा भरली तर तुम्हाला कसं वाटतंय ते थेट तुम्हालाच विचारते, जे घड्याळ कधीच विचारत नाही. मी दोन्ही करते, आणि भांडण झालं दोघांचं तर प्रश्नावलीचं ऐकते.

कोणी घेऊ नये तेही लिहिते. आकड्यांनी ज्यांचा जीव वरखाली होतो त्यांनी लांब राहा. 2017 मध्ये झोपेच्या क्षेत्रातल्या संशोधकांनी असे पेशंट नोंदवले होते जे ट्रॅकरचा झोपेचा आकडा सुधारायच्या नादात झोपेची काळजी करत बसायचे, स्ट्रेसच्या बाबतीत तर हा सापळा अजून सोपा आहे, आकडा लाल म्हणून धसका, धसका म्हणून आकडा लाल. हृदयाचे ठोके अनियमित पडायचा त्रास, पेसमेकर, किंवा ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर या रीडिंगचा भरवसा धरू नका. आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तर मनगटाकडे बघायचंच नाही, सरळ डॉक्टर. तसंच आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणं नको वाटतं, तर ते ॲपच्या आवाक्यातलं नाही, माणसाशी बोला, त्याच दिवशी बोला.

घेणारच असाल तर दोन-चार कामाच्या गोष्टी. पहिल्या दिवशी स्ट्रेसचा अलर्ट बंद करा, सेटिंगमध्ये तो पार आत दडवलेला असतो पण सापडतो, आणि मुख्य स्क्रीनवरून तो आकडा पण काढून टाका. घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या एक बोट वर, रात्री पट्टा हलणार नाही इतपत घट्ट पण वळ उठेल इतका नाही. मनगटावर गडद टॅटू असेल तर दुसऱ्या हातात घाला, प्रकाश नीट आत जात नाही. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम आणि साबण साचून मला पुरळ आलं होतं, आता आंघोळीला काढते आणि त्याच वेळात चार्जिंगला लावते, कापडी पट्टा घेतल्यापासून पुरळ पण नाही. बॅटरी रात्रभर पुरलीच पाहिजे, रोज झोपताना चार्जिंगला लावावं लागणारं मॉडेल यासाठी घेऊच नका, कारण दाखवण्यासारखं जे काही आहे ते ते रात्रीच दाखवतं.